संगणकाचे स्मरण आणि साठवण

दोन तास खपून लिहिलेला अर्ज संगणकाच्या पडद्यावर दिसत असतो, तो अद्याप साठवलेला नसतो, आणि एवढ्यात वीज जाते. काही वेळाने वीज परत येते, संगणक सुरू होतो; परंतु तो मजकूर कोठेच सापडत नाही. याउलट गतवर्षी साठवलेले छायाचित्र मात्र जागच्या जागी असते. एकाच यंत्राने एक गोष्ट विसरावी आणि दुसरी जपावी, हे कसे? या प्रश्नाचे उत्तर ज्याला नीट देता येईल, त्याला संगणकाच्या स्मृतीचे निम्मे प्रकरण उमगले असे म्हणावयास हरकत नाही.

बँका, रेल्वे, कर्मचारी निवड आयोग यांच्या स्पर्धा-परीक्षांत संगणकविषयक प्रश्न विचारले जातात, आणि त्यांत स्मृतीवरचा एखादा प्रश्न असावयाचाच. पुष्कळसे परीक्षार्थी रॅम, रॉम, कॅश ही नावे मंत्रासारखी पाठ करतात. पण पर्याय जरा फिरवून दिले की पाठांतर दगा देते. आणि जेथे चुकीच्या उत्तराचे गुण वजा होतात, तेथे न समजलेले पाठांतर हे अज्ञानापेक्षाही महाग पडते. म्हणून नावांच्या आधी कार्यकारणभाव समजून घेणे इष्ट.

त्यासाठी जुन्या मराठी दप्तराचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. कारकून कामास बसला आहे. चालू बेरजेतला हातचा त्याच्या बोटांवर आहे. वारंवार लागणारे दोन-चार आकडे टिपलेली चिठ्ठी मांडीशी आहे. समोर पाटी आहे; तिच्यावर आजचे सारे काम मांडले आहे, ते संध्याकाळी पुसले जाईल. मागच्या फडताळात मोडी कागदांचे रुमाल बांधून ठेवलेले आहेत. आणि भिंतीशी एक ताम्रपट आहे. तो वाचता येतो, पण सहजासहजी बदलता येत नाही.

संगणकात बोटांची जागा रजिस्टर घेतात. ते प्रोसेसरच्या पोटातच असतात. सर्वांत वेगवान, आणि संख्येने सर्वांत थोडे. चिठ्ठीचे काम कॅश-स्मृती करते. पाटी म्हणजे रॅम, रुमाल म्हणजे हार्ड डिस्क आदी दुय्यम साठवण, आणि ताम्रपट म्हणजे रॉम. वीज जाणे म्हणजे पाटी पुसली जाणे. अर्ज पाटीवर होता म्हणून गेला. छायाचित्र रुमालात होते म्हणून राहिले. वीज जाताच रिकाम्या होणाऱ्या स्मृतीला परीक्षेच्या भाषेत ‘व्होलाटाइल’ म्हणतात, आणि टिकणाऱ्या स्मृतीला ‘नॉन-व्होलाटाइल’.

रॅमचे दोन मुख्य प्रकार आहेत. डायनॅमिक रॅममध्ये प्रत्येक बिट एका सूक्ष्म धारित्रात विद्युत्भाराच्या रूपाने राहतो आणि त्याच्यावर एका ट्रान्झिस्टरची राखण असते. आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड यांना या रचनेचे पेटंट 1968 मध्ये मिळाले. या धारित्रातून भार सतत पाझरत असतो. म्हणून सामान्यतः दर 64 मिलिसेकंदांच्या आत तो पुन्हा भरावा लागतो. या अखंड पुनर्भरणामुळेच तिला ‘डायनॅमिक’ म्हणतात. स्टॅटिक रॅममध्ये एका बिटासाठी बहुधा सहा ट्रान्झिस्टर लागतात. पुनर्भरण लागत नाही, वेग अधिक, परंतु जागा आणि खर्चही अधिक. म्हणून कॅश स्टॅटिकची आणि मुख्य स्मृती डायनॅमिकची, अशी वाटणी झाली. येथे एक फसगत संभवते. ‘स्टॅटिक’ म्हणजे कायमची नव्हे. वीज गेली की दोन्ही सारख्याच रित्या होतात.

रॉमचे घराणे वेगळे. संगणक सुरू होताच प्रथम काय करावयाचे, याच्या सूचना या कुळातील स्मृतीत असतात. पाटी कोरी असताना कारकुनाला पहिला हुकूम ताम्रपटावरूनच मिळावयास हवा. मूळ रॉम कारखान्यातच लिहिलेली असे. प्रॉम ग्राहकाला एकदाच लिहिता येते. ईप्रॉम अतिनील किरणांनी पुसता येते, तर ईईप्रॉम विजेनेच पुसता येते. याच वाटेने पुढे जाऊन जपानमधील तोशिबा कंपनीचे फुजिओ मासुओका यांनी 1984 मध्ये फ्लॅश-स्मृती मांडली. तीत मोठा गट एकदम पुसला जातो आणि वीज गेली तरी मजकूर टिकतो. आजचे पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड आणि एसएसडी ही सारी तिचीच लेकरे होत. एसएसडीत फिरणारा भाग नसतो, ती चिपांचीच बनलेली असते. तथापि तिची गणना दुय्यम साठवणीतच होते, हे विसरू नये.

दुय्यम साठवणीचे वर्गीकरण लेखनाच्या पद्धतीवरून करता येते. हार्ड डिस्क आणि फीत चुंबकत्वावर चालतात, सीडी आणि डीव्हीडी प्रकाशावर, एसएसडी विद्युत्भारावर. हार्ड डिस्क असलेला पहिला संगणक आयबीएमने 1956 मध्ये बाजारात आणला. त्याच्या 50 तबकड्यांवर मिळून सुमारे 50 लाख अक्षरे मावत. आज साध्या सीडीवर सुमारे 700 मेगाबाइट आणि एकपदरी डीव्हीडीवर 4.7 गिगाबाइट मजकूर राहतो. फितीवर मात्र हवी ती नोंद गाठण्यास आधीची फीत उलगडावी लागते. ही अनुक्रमिक पद्धत. रॅममध्ये कोणत्याही खणापर्यंत जवळजवळ सारख्याच वेळात पोहोचता येते. ‘रँडम ॲक्सेस’चा अर्थ हाच.

एवढे थर ठेवण्याचे प्रयोजन काय, हे वेगाच्या हिशेबाने कळते. कॅशला सुमारे 1 नॅनोसेकंद लागतो, रॅमला 100 च्या आसपास, आणि फिरत्या डिस्कला सुमारे 10 मिलिसेकंद. एक नॅनोसेकंद म्हणजे एक सेकंद असे धरले, तर चिठ्ठीवरचा आकडा एका सेकंदात मिळेल, पाटीवरचा पावणेदोन मिनिटांत, आणि रुमालातला मिळण्यास जवळजवळ चार महिने लागतील! जे वेगवान ते महाग, म्हणून थोडे. जे स्वस्त ते मंद, म्हणून पुष्कळ. रॅम अपुरी पडली की डिस्कचा काही भाग तिच्यासारखा वापरतात. ही आभासी स्मृती. अशा वेळी संगणक मंदावतो, त्याचे कारण या चार महिन्यांत आहे.

मापांचा घोळही उलगडून घ्यावा. 8 बिटांचा एक बाइट. 1024 बाइटांचा एक किलोबाइट, आणि पुढेही दर पायरीला 1024. परंतु डिस्क विकणारे 1000 ची पटी धरतात. म्हणून 500 गिगाबाइटची डिस्क पडद्यावर सुमारे 465 गिगाबाइट दिसते. तीत चोरी नाही, केवळ मापाचा फरक आहे.

अखेरीस एक सावधगिरी. ‘मुख्य स्मृती म्हणजे वीज जाताच रिकामी होणारी’ हे समीकरण आज बहुतेक ठिकाणी खरे आहे. पण ते व्याख्या नव्हे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1960 मध्ये कार्यान्वित झालेल्या टिफ्रॅक संगणकाची मुख्य स्मृती फेराइटच्या चुंबकीय कड्यांची होती, आणि अशा कड्या विजेवाचूनही आपली नोंद राखतात. मुख्य स्मृतीची खरी ओळख एवढीच, की प्रोसेसर तिच्याशी थेट व्यवहार करतो.

तेव्हा प्रश्नपत्रिकेत कोणतेही नाव समोर आले, तरी परीक्षार्थ्याने तीनच प्रश्न विचारावेत: वीज गेल्यावर हे टिकते काय? यावर पुन्हा लिहिता येते काय? प्रोसेसर याच्याशी थेट बोलतो काय? ही तीन उत्तरे हाती असली, म्हणजे चार पर्यायांतील तीन आपोआप गळून पडतात. आणि परीक्षा संपल्यावरही या ज्ञानाचा एक उपयोग उरतोच: पाटीवरचे काम वेळच्या वेळी रुमालात बांधून ठेवण्याची सवय लागते.