काडतूस बसलं म्हणजे चाललं, असं नसतं!

अमेरिकेत जुन्या लष्करी रायफली आणि लष्कराकडची शिल्लक काडतुसं नेमबाज हौसेने विकत घेतात. पण काडतूस रायफलीत बसतंय, एवढ्यावर विसंबणं जिवावर बेतू शकतं.

जर्मनीची 1888 ची रायफल घ्या. तिची मूळ गोळी साधारण 8.1 मिलिमीटर जाडीची. 1905 मध्ये 8.2 मिलिमीटरची टोकदार गोळी आली. बोलीभाषेत दोन्ही '8 एमएम माउझर'च. फरक केसाएवढा, पण जाड गोळी अरुंद नळीतून रेटली गेली की आतला दाब धोकादायक वाढतो. रायफल फुटली, तर डोळे आणि हात गमावण्याची वेळ येते. पुढे अनेक जुन्या रायफली नव्या गोळीसाठी बदलल्या गेल्या. त्यामुळे नुसत्या नावावरून काहीच कळत नाही. जाणकार कारागिराकडून नळी मोजून घेणं, हाच उपाय.

दुसरा धोका गंजाचा. बऱ्याच जुन्या काडतुसांच्या प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असतं. बार उडाल्यावर त्याचा क्षार नळीत उरतो, हवेतला ओलावा ओढतो आणि नळी गंजते. हा क्षार तेलात विरघळत नाही. म्हणून आधी पाण्याने धुवायचं, कोरडं करायचं, मगच तेल.