दर पिंपामागे वर्गणी

अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या थेम्स नदीत जमैका आणि बार्बाडोसहून आलेली साखरेची जहाजं आठवडेच्या आठवडे ताटकळत उभी असत. धक्के अपुरे पडत. माल होड्यांत उतरवून काठावर न्यायचा आणि वाटेत तो चोरीला जायचा. हमालांच्या कपड्यांत आतून पिशव्या शिवलेल्या असत. फुटक्या पिंपांतली साखर त्यांत भरून ते दिवसाअखेर घरी जात. ओहोटीला चिखलात उभी राहिलेली पोरं वरून टाकलेला माल झेलत. नदीवर काम करणाऱ्या 33,000 लोकांपैकी 11,000 चोरीत सामील आहेत, असा अंदाज पॅट्रिक कोहून या न्यायदंडाधिकाऱ्याने बांधला होता.

या चोरीवर इलाज काढला तो व्यापाऱ्यांच्या एका मंडळाने. 2 जुलै 1798 रोजी वॉपिंगला नदीवरच्या पोलिसांचं ठाणं उघडलं. त्याचा बहुतेक खर्च वेस्ट इंडीजच्या व्यापाऱ्यांनी आणि मळेवाल्यांनी उचलला. पहिल्या वर्षाचा खर्च 4,200 पौंड होता आणि त्यातून 1,22,000 पौंडांचा माल वाचला, असा कोहूनचा हिशेब. त्याच वर्षी हमालांचा मोठा दंगा झाला, माणसं मेली, पण ठाणं टिकलं आणि 1800 मध्ये सरकारने ते आपल्याकडे घेतलं. लंडन शहराच्या पोलिस दलाचा जन्म याच्या जवळजवळ तीस वर्षांनंतरचा.

हे मंडळ म्हणजे वेस्ट इंडिया कमिटी. वेस्ट इंडीजच्या बेटांशी व्यापार वाढवण्यासाठी उभ्या राहिलेल्या जगातल्या सर्वांत जुन्या संस्थांपैकी ही एक. ती आपला जन्म 1735 चा सांगते. सुरुवातीच्या सभा लंडनच्या खानावळींत भरत. सभासद होते ते मुख्यतः अडते. आपल्या बाजार समितीतला अडत्या ज्याला ठाऊक आहे त्याला त्यांचा धंदा समजावून सांगावा लागणार नाही. मळेवाल्याची साखर विकून द्यायची, त्यावर अडत कापायची, पुढच्या हंगामासाठी उचल द्यायची आणि उचल फिटली नाही की मळा गहाण. मळ्याबरोबर त्यावरचे गुलामही गहाण पडत, कारण कायद्याने ती मालमत्ताच होती.

मंडळाचा खर्च वर्गणीतून चाले. आयात होणाऱ्या साखरेच्या आणि रमच्या दर पिंपामागे ठरावीक रक्कम सभासदांनी द्यायची. सरकारदरबारी अर्ज, खासदारांच्या भेटीगाठी, जकातीच्या दरांवर वाटाघाटी, पत्रकं छापणं, हे सगळं त्यातून होई. गोदीही अशीच झाली. रॉबर्ट मिलिगन आणि जॉर्ज हिबर्ट या दोघा व्यापाऱ्यांनी पाठपुरावा केला, 1799 मध्ये संसदेने कायदा केला आणि 27 ऑगस्ट 1802 रोजी आइल ऑफ डॉग्जवर वेस्ट इंडिया डॉक्स सुरू झाले. भोवती उंच भिंत, भिंतीबाहेर खंदक, आत माळ्यांवर माळे चढवलेली विटांची गोदामं. लंडनला येणारा वेस्ट इंडीजचा माल 21 वर्षं याच गोदीत उतरायचा, असा मक्ता कायद्याने मिळाला. बंदराचं काम म्हणून पाहिलं तर ते अव्वल दर्जाचं होतं, यात शंका नाही.

पण ज्या शिस्तीने त्यांनी गोदी उभारली, त्याच शिस्तीने ते गुलामगिरीच्या बाजूनेही लढले. हीच गोष्ट मला या संस्थेविषयी सर्वांत महत्त्वाची वाटते. गुलामांचा व्यापार बंद करण्याचा खासदार विल्यम विल्बरफोर्सचा ठराव 1791 मध्ये 163 विरुद्ध 88 मतांनी पडला. त्यामागे मळेवाल्यांच्या आणि व्यापाऱ्यांच्या या गटाचा पैसा आणि वजन होतं. 1807 मध्ये व्यापार बंद झाला, पण मळ्यांवरची गुलामगिरी चालूच राहिली. 1833 मध्ये तीही संपवायचं ठरलं, तेव्हा या गटाने आपली सगळी ताकद भरपाईच्या मागणीमागे लावली आणि 2 कोटी पौंड मिळवले. ब्रिटिश सरकारच्या एका वर्षाच्या खर्चाच्या सुमारे 40 टक्के रक्कम ती. सगळी मालकांना.

भरपाईच्या कागदांवर रकाने होते: मुकादम, कारागीर, शेतमजूर, घरगडी, सहा वर्षांखालची मुलं, वृद्ध आणि काम न झेपणारे. प्रत्येक रकान्यापुढे माणसांची संख्या आणि तिची किंमत. मुक्त झालेल्या सुमारे आठ लाख लोकांना एक पैसा मिळाला नाही. उलट शिकाऊ कामगार या नावाखाली 1838 पर्यंत त्याच मळ्यांवर राबावं लागलं. या भरपाईसाठी काढलेल्या कर्जाची शेवटची फेड ब्रिटिश करदात्यांनी 2015 मध्ये केली.

लिव्हरपूलमध्ये अशाच मंडळाचा म्होरक्या होता जॉन ग्लॅडस्टन, पुढे पंतप्रधान झालेल्या विल्यम ग्लॅडस्टनचा बाप. त्याला अडीच हजारांवर गुलामांपोटी लाखाहून जास्त पौंड मिळाले. त्याने जानेवारी 1836 मध्येच कलकत्त्याच्या एका कंपनीला पत्र घालून मजूर मागवले होते. त्यातून ‘व्हिटबी’ आणि ‘हेस्परस’ ही जहाजं हिंदुस्थानी माणसं घेऊन मे 1838 मध्ये ब्रिटिश गियानाला लागली. त्रिनिदादला पहिलं जहाज 30 मे 1845 रोजी पोचलं. करारावर असे मजूर नेणं 1917 पर्यंत चाललं. बहुतेक माणसं बिहार आणि अवधची, महाराष्ट्रातली फारच थोडी. तरी त्यांच्या वंशातल्या एकाचं नाव मुंबईच्या एका घरात आलं: गियानातल्या पोर्ट मूरंटच्या ऊसमळ्यांत वाढलेल्या क्रिकेटपटू रोहन कन्हायवरून सुनील गावसकर यांनी मुलाचं नाव रोहन ठेवलं.

पुढची कहाणी उतरणीची आहे. 1846 च्या कायद्याने वसाहतींच्या साखरेला मिळणारी जकातीतली सवलत जायला लागली. नंतर जर्मनी-फ्रान्सची बीटाची साखर सरकारी अनुदानावर स्वस्तात येऊ लागली. मंडळाला 1904 मध्ये राजसनद मिळाली, पण तोवर साखरेचे दिवस फिरले होते. त्या काळात आल्जर्नन ॲस्पिनॉल या चिटणीसाने चाळीस वर्षं काम पाहिलं. बेटांची माहिती देणारं पुस्तक लिहिलं आणि त्रिनिदादच्या सेंट ऑगस्टिन इथल्या उष्ण प्रदेशीय शेतीच्या महाविद्यालयाच्या उभारणीलाही हातभार लावला. तिथे आता वेस्ट इंडीज विद्यापीठ आहे. मंडळाची जुनी इतिवृत्तं, लंडनच्या खानावळींतल्या त्या सभांची टिपणं, त्याच विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत.

या व्यापाराचा हिशेब 1944 मध्ये मांडला तो त्रिनिदादच्याच एरिक विल्यम्स यांनी. ब्रिटनच्या औद्योगिक भरभराटीत गुलामांच्या श्रमाचा किती वाटा होता, हा त्यांच्या पुस्तकाचा विषय. 1962 मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा तेच पंतप्रधान होते. त्यांच्या काही मतांवर इतिहासकार आजही वाद घालतात, पण त्यांनी विचारलेला प्रश्न कुणाला बाजूला सारता आलेला नाही.

कमिटी आज धर्मादाय संस्था म्हणून कॅरिबियनच्या इतिहासाचं आणि शिक्षणाचं काम करते. जुन्या गोदीच्या एका गोदामात 2003 पासून संग्रहालय आहे. त्याच्यासमोरचा मिलिगनचा पुतळा जून 2020 मध्ये हलवला गेला. कॅरिबियन देशांच्या संघटनेने, कॅरिकॉमने, 2014 मध्ये युरोपीय सरकारांपुढे गुलामगिरीच्या भरपाईची दहा कलमी मागणी ठेवली आहे. ती अजून मान्य झालेली नाही. कोणाला किती पैसे मिळाले हे दाखवायला मात्र 1833 च्या भरपाईसाठी मालकांनीच भरलेले ते अर्ज आता हाताशी आहेत. लंडन विद्यापीठातल्या संशोधकांनी त्यातली नावं आणि रकमा सगळ्यांना पाहता येतील अशा मांडून ठेवल्या आहेत.