सातबाऱ्यावरचा कंस आणि कोसळलेला अग्निबाण

तुमच्या घरी शेताचा सातबारा असेल तर तो एकदा मागून घ्या आणि नीट पाहा. नावांच्या रांगेत काही नावांभोवती कंस दिसतील. आजोबांचे नाव कंसात, त्याखाली वडिलांचे आणि काकांचे. शेजारी एक आकडा. हा आकडा काय बरे सांगतो?

तो आहे फेरफार क्रमांक. तो घेऊन गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही, उघडली की नाव का बदलले ते कळते: वारसाने, खरेदीने की वाटणीने. बदल नोंदवला म्हणून लगेच लागू होत नाही. संबंधितांना नोटीस जाते, हरकत घ्यायला मुदत मिळते, आणि नोंद प्रमाणित झाल्यावरच सातबारा बदलतो. जुने नाव मात्र पुसून टाकत नाहीत. पुसले तर उद्या बांधावर भांडण लागले की विचारायचे कोणाला?

आता संगणकाकडे वळू. मोठी आज्ञावली लिहिण्याआधी तिने काय काय करायचे याची यादी करतात आणि प्रत्येक गरजेला क्रमांक देतात. तोच क्रमांक पुढे आराखड्यात, आज्ञावलीच्या त्या भागात आणि त्याच्या चाचणीत लिहिला जातो. फेरफार क्रमांकाचा हा भाऊच म्हणा ना! गरजेवरून आज्ञा सापडते, आणि आज्ञेवरून उलट मागे जाऊन ‘ही कशासाठी लिहिली?’ असेही विचारता येते.

एवढा खटाटोप कशाला? परभणी जिल्ह्याचेच पाहा. १ मे १९८१ रोजी त्याचा परतूर तालुका नव्या जालना जिल्ह्यात गेला. १ मे १९९९ रोजी हिंगोली, कळमनुरी, वसमतकडचा सारा भाग वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला. समजा, एका आज्ञावलीत प्रत्येक गावापुढे जिल्ह्याचे नाव आहे. ते बदलायचे, एवढेच ना? पण त्या नावावरून पत्ते छापले जातात, याद्या लागतात, बेरजा होतात. १९९१ मध्ये परभणीची लोकसंख्या सुमारे २१ लाख, २००१ मध्ये सुमारे १५ लाख. माग ठेवला नसेल तर यंत्र बेधडक सांगेल की सहा लाख माणसे नाहीशी झाली!

ही झाली कागदावरची गंमत. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गियानातल्या कुरू येथून ‘एरियन-५’ हा युरोपचा नवा अग्निबाण उडाला, आणि सुमारे ३७ सेकंदांनी वाट सोडून आकाशातच फुटला. त्यात चार उपग्रह होते. दिशा सांगणाऱ्या यंत्राची आज्ञावली ‘एरियन-४’वरून जशीच्या तशी घेतली होती. उड्डाणापूर्वी यंत्र जुळवणारा तिचा एक भाग उड्डाणानंतरही सुमारे ४० सेकंद चालत राही. कारण जुन्या अग्निबाणांत उलटी गणती ऐनवेळी थांबली तर ती चटकन पुन्हा सुरू करता यावी, ही गरज होती. एरियन-५ला ती गरजच नव्हती! गरज गेली, पण तिच्यासाठी लिहिलेल्या आज्ञा तिथेच राहिल्या. नवा अग्निबाण आडव्या दिशेने अधिक वेगाने जाई. त्या वेगाशी निगडित संख्या सोळा बिटांच्या जागेत बसवायची होती. तिथे ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. यंत्र गोंधळून थांबले. राखीव यंत्र होते की! पण त्यातही तीच आज्ञावली; उलट तेच आधी थांबले.

उड्डाणापूर्वी कोणी त्या भागावर बोट ठेवून ‘हा कोणत्या गरजेसाठी?’ एवढे विचारले असते, तर उत्तरासाठी एरियन-५च्या यादीत शोधाशोध करावी लागली असती, आणि उत्तर मिळाले नसते.

असो. सातबारा अजून हातात असेल, तर त्यावरचा सर्वांत जुना फेरफार क्रमांक शोधा आणि तो बदल कशामुळे झाला ते आजीला विचारा. तिला आठवत नसेल तर गावच्या दप्तरात नमुना सहा आहेच.