पाठची सील आणि खरा गुन्हेगार

जुन्या ट्रकच्या पोटाखाली तेलाचे डाग दिसू लागले की गॅरेजमध्ये पुष्कळदा एकच निदान ऐकू येतं: क्रँकची पाठची सील गेली. थेंब इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या जोडावरून पडत असले की ते पटतंही, कारण सील तिथंच आत असते. मग प्रोपेलर शाफ्ट सुटतो, गिअरबॉक्स खाली येतो, क्लच आणि फ्लायव्हील निघतं, आणि मजुरीच्या मानानं अगदी किरकोळ किमतीची एक गोल सील बदलली जाते. महिन्याभरात त्याच जागी पुन्हा तेल दिसलं, तर सील डुप्लिकेट होती म्हणायचं आणि विषय मिटवायचा. ती डुप्लिकेट असूही शकते, बाजारात काय कमी माल आहे! पण तेल जिथं टपकतं ती जागा आणि तेल जिथून सुटतं ती जागा एकच असेल असं नाही. शिवाय ते सुटलंच का, हा प्रश्न तर कुणी विचारतच नाही. माझं म्हणणं एवढंच की पान्हा हातात घेण्याआधी हे दोन्ही प्रश्न सोडवावेत, आणि ते सोडवायला महागडं यंत्र लागत नाही.

कमिन्सचं बी मालिकेतलं सहा सिलिंडरचं ५.९ लिटर इंजिन घेऊ. अमेरिकेत १९८९पासून डॉज रॅम पिकअपमध्ये ते बसू लागलं आणि तिकडे त्याचे भक्त आजही आहेत. आपल्याकडे १९९३मध्ये स्थापन झालेल्या टाटा कमिन्सच्या जमशेदपूर कारखान्यातून ते टाटाच्या ट्रकमध्ये आलं. २५१५ या मॉडेलच्या पुढे ‘टीसी’ ही अक्षरं त्याचीच. या इंजिनाच्या कुशीत, फ्युएल पंपाच्या मागं, टॅपेटचं एक लांबट झाकण आहे. वर्षानुवर्षं तापून त्याचं रबरी पॅकिंग कडक झालं की तिथून तेल पाझरतं. पंप आडवा असल्यामुळे ते वरून दिसत नाही. तेल ब्लॉकवरून ओघळतं, पंख्याचा वारा त्याला मागं रेटतो आणि थेंब पडतो तो नेमका पाठच्या सीलखाली. असा गिअरबॉक्स शंभर वेळा उतरवला तरी ती गळती थांबायची नाही.

म्हणून पहिलं काम धुण्याचं. डिझेल आणि ब्रश घेऊन किंवा प्रेशरच्या पाण्यानं इंजिन स्वच्छ करायचं, पुरतं वाळवायचं आणि संशयाच्या जागांवर साधी टाल्कम पावडर भुरभुरायची. इंजिन गरम होईपर्यंत चालवलं की पांढऱ्या पावडरीवर काळी रेघ उमटते. ती रेघ खालून वर वाचत जायची; तिचं सर्वांत वरचं टोक हाच उगम. इंजिनातली तेलाची वाट दोन प्रकारची असते हेही ध्यानात ठेवावं. ऑइल फिल्टर, कूलर, प्रेशर स्विच आणि टर्बोकडे जाणारी नळी इथं तेल दाबाखाली असतं. तिथली गळती रेस वाढवली की वाढते आणि इंजिन बंद केलं की थोड्या वेळात थांबते. टॅपेट कव्हर किंवा चेंबरच्या, म्हणजे तळाच्या तेलपात्राच्या, पॅकिंगपाशी तेल नुसतं उडतं किंवा साचतं. चेंबरची गळती ट्रक रात्रभर उभा असतानाही चालू राहते. आणि क्लचभोवतीच्या बेल हाउसिंगखालचा थेंब बोटावर घेऊन हुंगावा. गंधकासारखा उग्र दर्प आला तर ते गिअर ऑइल आहे, इंजिनाचा त्यात काही दोष नाही.

उगम सापडला तरी कारण उरतंच. पिस्टनच्या रिंगांना चुकवून थोडा धूर प्रत्येक इंजिनात खाली क्रँककेसमध्ये उतरतो. मेकॅनिक त्याला ‘इंजिन बॅक मारतंय’ म्हणतात. तो बाहेर पडावा म्हणून ब्रीदरची नळी असते. काजळी आणि तेलाच्या चिकट्यानं ती तुंबली की आत दाब वाढतो आणि जिथं दुबळं पॅकिंग सापडेल तिथून तेल बाहेर ढकलतो. भाताच्या कुकरची शिटी अडकली तर नवी रिंग घालून काय होणार? टर्बोतून परतणारं तेलही या दाबानं अडतं आणि टर्बोच्या सीलमधून गळू लागतं, मग तोही नाहक बदलला जातो. दाब मोजायला यू आकाराची, पाणी भरलेली पारदर्शक नळी पुरते. तिचं एक तोंड क्रँककेसला जोडलं की पाण्याच्या दोन पातळ्यांतला फरक दाब सांगतो. ब्रीदर साफ करूनही फरक जास्तच राहिला, तर रिंगांवर ठपका ठेवण्याआधी ब्रेकच्या हवेचा कॉम्प्रेसर पाहावा. तो इंजिनाचंच तेल वापरतो, आणि त्याच्या रिंगा झिजल्या की दाबलेली हवा तेलाच्या परतीच्या वाटेनं थेट क्रँककेसमध्ये येते. हवेच्या टाकीचा नळ उघडून कॉम्प्रेसरवरचा भार काढायचा आणि पुन्हा मोजायचं. दाब झपाट्यानं उतरला तर चोर सापडला.

यावर मालकांचं म्हणणं असं की गाडी अर्धा दिवस उभी राहिली तर भाडं बुडतं, आणि अनुभवी मिस्त्रीला नुसत्या नजरेनं कळतं. अनुभवाची किंमत मी कमी लेखत नाही. पण अनुभव शक्यता सांगतो, पावडर खात्री देते, आणि गिअरबॉक्स उतरवण्यात जाणारा वेळ या तपासणीहून कितीतरी जास्त. दुसरा आक्षेप ड्रायव्हरांचा लाडका: जुनं इंजिन तेल टाकणारच, ओतत राहा. यात तथ्य आहे. पॅकिंगभोवती नुसता ओलसरपणा, त्यावर धूळ बसलेली, थेंब पडत नाही, अशा ठिकाणी हात न लावणंच शहाणपणाचं. पण दर दोन सेकंदांना एक थेंब पडत असेल तर हिशेब वेगळा होतो. मिलिलिटरमध्ये साधारण २० थेंब धरले तर तासाला ९० मिलिलिटर, म्हणजे दहा तासांच्या फेरीत जवळपास एक लिटर. ते क्लच प्लेटवर गेलं तर घाटात क्लच घसरतो, तापलेल्या टर्बोवर पडलं तर आगीचा धोका, आणि रस्त्यावर पडलं तर पावसाळ्यात मागून येणारा दुचाकीवाला. राहिली गळती थांबवणाऱ्या बाटल्यांची गोष्ट. वाळून आक्रसलेलं रबर त्या थोडं फुगवतात, हे खरं. फाटलेल्या पॅकिंगवर किंवा तुंबलेल्या ब्रीदरवर त्यांचा काडीचा उपयोग नाही.

आणि एवढं तपासून पाठची सीलच दोषी ठरली, तरी ती बसवण्यात एक मेख आहे. रबरी सीलला तेलाचं बोट लावून बसवायची सवय मिस्त्रींच्या हाडीमासी भिनलेली असते. या कमिन्सची सील टेफ्लॉनच्या ओठाची. तिचा ओठ आणि क्रँकचा पृष्ठभाग दोन्ही पूर्ण कोरडे, स्वच्छ हवेत, नाहीतर नवी सील पहिल्या दिवसापासून गळते. क्रँकवर जुन्या सीलनं खाच पाडली असेल तर पातळ पोलादी स्लीव्ह चढवावी लागते. दोष चेंबरच्या पॅकिंगचा निघाला तर मेख वेगळी: चेंबरचे बोल्ट दणकून आवळले की पत्र्याची कड भोकांपाशी वाकते आणि गळती वाढते. ती ऐरणीवर हलकेच ठोकून सपाट करायला हवी. तिथं सिलिकॉनचा जाड थर फासणं तर घातकच, कारण आत दबलेले तुकडे सुटून पंपाच्या जाळीवर बसतात. मात्र ब्रीदर साफ आहे, कॉम्प्रेसर निर्दोष आहे आणि तरी नळीतलं पाणी उसळतंय, असं असेल तर सीलचा खर्च आत्ता करू नये. रिंगा-लायनरचं काम निघणारच आहे; तोवर तेलाची पट्टी रोज पाहावी आणि सील त्याच कामात बदलून घ्यावी.