खेळाडूची अदलाबदल आणि जर्सीचा अडकलेला माल

माढा तालुक्यातील टेंभुर्णी बाजारपेठ म्हणून वाढली ती रस्त्यांमुळे. पुणे-सोलापूर महामार्ग गावातून जातो, कुर्डुवाडी-बार्शीमार्गे लातूरकडे जाणारा रस्ता येथूनच फुटतो, जवळ उजनी धरण आहे, औद्योगिक वसाहत आहे, आसपास साखर कारखाने आहेत. साहजिकच खेड्यापाड्यांतील गिऱ्हाईक कपडालत्ता घ्यायला इकडे येते. अशा गावातील तयार कपड्यांचे दुकानदार, शिलाई करणारे आणि छपाई करणारे कारागीर यांचा अमेरिकेतील फुटबॉलशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो जर्सीच्या पाठीवर छापलेल्या नावाचा आहे.

अमेरिकेचा फुटबॉल आपल्या फुटबॉलहून निराळा. त्यात चेंडू हातात धरून पळतात, लांब फेकतात. जवळजवळ प्रत्येक चाल ज्याच्या हातून सुरू होते त्या खेळाडूला क्वार्टरबॅक म्हणतात. संघाची सारी मदार त्याच्यावर, म्हणून सर्वांत जास्त जर्सीही बहुधा त्याच्याच नावाच्या खपतात.

ग्रीन बे हे तेथील जेमतेम लाखभर वस्तीचे शहर. त्याचा पॅकर्स नावाचा संघ कोणा एका शेठच्या मालकीचा नाही, शेअर घेतलेल्या लाखो सामान्य माणसांचा आहे. ब्रेट फार्व्ह हा खेळाडू या संघाकडून १९९२ ते २००७ असे सोळा हंगाम खेळला. २००८ च्या मार्चमध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली, मग विचार बदलून तो परत आला. तोवर संघाने ॲरन रॉजर्स या तरुणाला पुढे आणायचे ठरवून टाकले होते. ऑगस्ट २००८ मध्ये फार्व्हला न्यूयॉर्क जेट्स या संघाकडे धाडण्यात आले. मोबदला रोख नव्हता. पुढील वर्षी नवे खेळाडू निवडताना मिळणारी एक संधी, एवढाच तो सौदा.

गाव दुभंगले. फार्व्ह न्यूयॉर्कला एकच हंगाम टिकला आणि २००९ मध्ये पॅकर्सचा जुना वैरी असलेल्या मिनेसोटाच्या संघात गेला. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये तो ग्रीन बेला खेळायला आला तेव्हा ज्यांनी सोळा वर्षे टाळ्या वाजवल्या त्यांनीच त्याची हुर्यो उडवली. दीड वर्षाच्या आत एकाच माणसाच्या तीन रंगांच्या जर्स्या बाजारात आल्या आणि त्यांतल्या दोन जुन्या झाल्या. पुढे २०१५ मध्ये पॅकर्सने त्याचा ४ क्रमांक सन्मानाने कायमचा राखून ठेवला, म्हणजे त्या जुन्या मालाला पुन्हा मान आला. पण सात वर्षे माल धरून बसण्याची ऐपत किती दुकानदारांची असते?

रॉजर्सचीही तीच गत झाली. त्याने २०११ च्या फेब्रुवारीत संघाला अजिंक्यपद मिळवून दिले आणि एप्रिल २०२३ मध्ये त्याचीही रवानगी त्याच जेट्सकडे झाली. पॅकर्समध्ये त्याचा क्रमांक १२ होता, जेट्समध्ये त्याने ८ घेतला. सप्टेंबरमध्ये पहिल्याच सामन्यात, चौथ्या चालीला त्याच्या टाचेची शीर तुटली आणि हंगाम संपला. ज्याने हंगामाआधी ८ क्रमांकाच्या मालाचे गठ्ठे भरून ठेवले असतील त्याची अवस्था आमच्या वाचकांना सांगायला नको.

हा प्रकार आता आपल्याही दारात आला आहे. आयपीएल २००८ मध्ये सुरू झाली आणि दुसऱ्याच हंगामाआधी आपल्या श्रीरामपूरचा झहीर खान बंगळूरकडून मुंबईकडे आला, त्याच्या बदल्यात रॉबिन उथप्पा बंगळूरला गेला. तेव्हा जर्सीचा धंदा लहान होता, फारसे कोणाचे बिघडले नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये मात्र हार्दिक पंड्या गुजरातहून मुंबईकडे परतला आणि डिसेंबरमध्ये, पाच अजिंक्यपदे मिळवून देणाऱ्या रोहित शर्माच्या जागी त्याला कर्णधार केले गेले. रोहित संघातच राहिला, तरी लोकांना ते रुचले नाही. २०२४ च्या हंगामात वानखेडेवर मुंबईच्याच कर्णधाराला मुंबईच्याच प्रेक्षकांनी डिवचले आणि संघ दहांपैकी दहावा आला. नोव्हेंबर २०२५ मध्ये तर बारा हंगाम चेन्नईच्या पिवळ्या रंगात खेळलेला रवींद्र जडेजा राजस्थानच्या गुलाबी रंगात गेला, त्याच्यासोबत सॅम करनही गेला आणि संजू सॅमसन चेन्नईकडे आला.

आपल्याकडे खेळाडूची संमती लागते, अमेरिकेत करारात तशी अट नसेल तर लागत नाही. खेळाडूच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. दुकानदाराला मात्र दोन्हीकडे कोणी विचारत नाही.

आम्हांला यात धंद्याची एक गोष्ट दिसते. गिऱ्हाईक जर्सी घेते ते माणसाच्या नावासाठी. ज्या शिलाईच्या दुकानातून जुना कटिंग मास्टर निघून गेला, तेथील निम्मे गिऱ्हाईक त्याच्या मागोमाग नव्या दुकानात जाते, हे आपल्या प्रत्येक पेठेत घडलेले आहे. मशीन तीच, पाटी तीच, पण हात गेला. संघाच्या मालकाला हे नुकसान तिकिटांतून, जाहिरातींतून भरून काढता येते. दहा बाय बाराच्या दुकानाला ते जमत नाही.

हिशेब करून पाहू. समजा, १५० रुपये नगाप्रमाणे १०० जर्स्या भरल्या आणि त्यांतल्या ४० एकाच खेळाडूच्या नावाच्या आहेत. खेळाडू दुसऱ्या संघात गेला की ६,००० रुपये जागच्या जागी अडकले. साठ रुपयांना मोड केली तर २,४०० हाती आले, ३,६०० गेले, आणि उरलेल्या साठ नगांचा बराचसा नफा ही खोट भरण्यात संपला. माल उधारीवर आणला असेल तर ठोक व्यापाऱ्याचा तगादा वेगळाच.

यावर उपाय साधा आहे. नाव छापलेला माल भरूच नये. कोऱ्या रंगीत जर्स्या भराव्यात आणि गिऱ्हाईक समोर उभे राहिले की हीट प्रेसवर नाव व क्रमांक चिकटवून द्यावा. हे काम दुकानदाराने स्वतः करावे असे नाही. शेजारच्या बॅनर-स्टिकरवाल्या कारागिराकडे व्हिनाइल कापायचे यंत्र असते, नगावर मजुरी ठरवावी, दोघांचीही चूल पेटते. पॉलिएस्टरला आच जास्त झाली की कापडावर चकाकी येते आणि ती जात नाही, म्हणून प्रत्येक नव्या गठ्ठ्यातील चिंधीवर आधी चाचणी घ्यावी. सब्लिमेशनची छपाई दिसायला सुबक, टिकायला पक्की. पण तीत रंग धाग्यात मुरतो, छापलेले नाव पुन्हा काढता येत नाही. म्हणून ती पक्क्या ऑर्डरीसाठीच ठेवावी.

खरेदीची वेळही सांभाळली पाहिजे. लिलाव आटोपल्यावरही अदलाबदलीची मुभा काही काळ राहते, तेव्हा डिसेंबरात घाईने भरलेला माल मार्चपर्यंत शिळा होऊ शकतो.

आणखी एक बाब, जिच्याकडे आपले लोक काणाडोळा करतात. संघांची बोधचिन्हे नोंदवलेली असतात. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याप्रमाणे नकली चिन्हाचा माल बनवणे हा तर गुन्हा आहेच, विकणे हाही आहे. शिक्षा सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. शंभर रुपयांच्या जर्सीपायी ही जोखीम घेण्यात शहाणपणा नाही.

आमच्या मते टेंभुर्णीसारख्या गावातील खरा धंदा गावच्या संघांचा आहे. टेनिस बॉलच्या स्पर्धा, कबड्डीचे संघ, कारखान्यांतील कामगारांचे सामने, शाळांची स्नेहसंमेलने. या जर्सीवर गावाचे नाव असते आणि ते कोणी विकत नाही. सोलापुरात गणवेश शिवणाऱ्यांची मोठी जमात आहे, तेथून कापड व कारागिरी दोन्ही मिळतात. मात्र ऑर्डर घेताना खेळाडूंची यादी कप्तानाच्या सहीनिशी कागदावर घ्यावी, नावाचे स्पेलिंग त्याच्याकडूनच तपासून घ्यावे आणि निम्मी रक्कम आगाऊ घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावू नये. गावच्या संघातही ऐन वेळी खेळाडू बदलतो, म्हणून दोन-तीन जर्स्या बिननावाच्या जास्त शिवून ठेवाव्यात.