बहुमताची री आणि एकाचा आवाज

आपलेपणाची गरज

आपले म्हणणारी माणसे असावीत ही मानवाची मूलभूत प्रेरणा आहे, अशी मांडणी रॉय बाउमायस्टर आणि मार्क लिअरी या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये केली. किशोरवयात ही ओढ घराकडून मित्रमंडळींकडे वळते. स्वतंत्र मतेही याच वयात घडू लागतात.

रेषांचा प्रयोग

या दोन ओढींची झुंज सॉलोमन अ‍ॅश यांनी १९५० च्या दशकात अमेरिकेत प्रयोगातून दाखवली. सात ते नऊ महाविद्यालयीन तरुण एका खोलीत बसत. एका कार्डावर एक उभी रेषा, दुसऱ्यावर तीन. पहिलीएवढी रेषा ओळखून मोठ्याने सांगायची. काम इतके सोपे, की एकट्याने करताना शंभरात एखादी चूकही क्वचितच होई. मात्र खरा सहभागी एकच असे. बाकीचे आधी ठरल्याप्रमाणे १८ पैकी १२ फेऱ्यांत एकमुखाने चुकीचे उत्तर देत आणि त्यानंतर त्याची पाळी येई. डोळ्यांना दिसे एक, कानांवर पडे दुसरेच. १२३ तरुणांनी या फेऱ्यांत दिलेल्या उत्तरांपैकी सुमारे ३७ टक्के उत्तरे बहुमताची री ओढणारी निघाली. सुमारे एक चतुर्थांश तरुण मात्र एकदाही वाकले नाहीत.

दबावाचे दोन मार्ग

बहुमतामागे गेलेल्या काहींना आपलीच नजर चुकत असावी असे वाटले होते. काहींना बरोबर दिसत होते, पण वेगळे पडायचे नव्हते. पहिला प्रभाव माहितीचा, दुसरा मान्यतेचा. उत्तर मोठ्याने न सांगता कागदावर लिहायचे असेल तर चुका घटतात, कारण दुसऱ्या प्रभावाची धार बोथट होते. वर्गात हात वर करायला सांगण्याआधी प्रत्येकाला आपले मत वहीत लिहू देणे ही साधी युक्ती याच तत्त्वावर चालते. शाळांनी ती नेमाने वापरायला हवी.

मर्यादा

अ‍ॅश यांचे सहभागी केवळ अमेरिकी पुरुष विद्यार्थी होते. ब्रिटनमध्ये १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशाच प्रयोगात विज्ञान-अभियांत्रिकीचे विद्यार्थी ३९६ फेऱ्यांपैकी एकाच फेरीत बहुमतामागे गेले. आकडे काळ आणि समाजानुसार बदलतात. शिवाय रेषा ओळखायला स्वतःचे डोळे पुरतात. आयुष्यातील बहुतेक प्रश्नांना ते पुरत नाहीत, आणि तेथे इतरांचे ऐकणे हा दुबळेपणा नव्हे.

एका साथीदाराचे बळ

अ‍ॅश यांच्या संशोधनातील सर्वांत मोलाचा भाग पुढचा. गटात खरे उत्तर देणारा एकच साथीदार ठेवला, तेव्हा चुका सुमारे एक चतुर्थांशावर आल्या. म्हणजे स्वतंत्र विचारालाही सोबत लागते. आपलेपणा त्याचा शत्रूच असतो असे नाही. हा साथीदार मध्येच बहुमताला मिळाला, की चुका एकदम वाढत. तो निमित्त काढून खोलीबाहेर गेला, तर त्या वाढत खऱ्या, पण तितक्या नव्हेत. त्याची सोबत तो गेल्यावरही काही काळ टिके.