मैदानाचा तास : लेखांक ७
पास घेणाऱ्याला आधी शिकवा

मागच्या लेखांकात टच रग्बीचे नियम पाहिले. ज्यांचा तो अंक हुकला त्यांच्यासाठी थोडक्यात: दोन्ही बाजूंना सहा-सहा खेळाडू, ७० मीटर लांब आणि ५० मीटर रुंद मैदान. चेंडू घेऊन पळणाऱ्याला समोरच्याचा हात लागला की तो थांबतो, स्पर्श झाला तिथे चेंडू जमिनीवर ठेवतो, त्यावरून पाय टाकून पुढे होतो आणि मागचा साथीदार चेंडू उचलतो. असे सहा स्पर्श झाले की चेंडू दुसऱ्या संघाकडे जातो. शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवला की एक गुण. पाडापाडी नाही, ओढाताण नाही. अट एकच, पण सगळा खेळ तिच्यावर उभा आहे: पास पुढे द्यायचा नाही.

नांदुऱ्याच्या एखाद्या शाळेत सहावी-सातवीच्या मुलांना ही अट सांगून पाहा. ताबडतोब कुणीतरी विचारणारच, "सर, समोर जाचं हाये तं मांगं कायले फेकाचं?" प्रश्न अगदी रास्त आहे. त्याला उत्तर म्हणून भाषण नको. मुलांना खो-खोची आठवण करून द्या. खो-खोत पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा घेतली की त्याला मागे वळता येत नाही, हे त्यांना नीट माहीत असतं आणि त्याबद्दल कुणाची तक्रारही नसते. उलट त्या एका बंधनामुळेच खो-खोत डोकं लागतं. इथे बंधन पायांवर नाही, चेंडूवर आहे. पायांनी पुढे जायचं, चेंडू मागे द्यायचा. एवढं सांगून लगेच मैदानात उतरायचं.

या गावासाठी मी टच रग्बीचा आग्रह का धरतो, तेही सांगतो. १०५ फुटी हनुमंताच्या नांदुऱ्यात ताकदीच्या खेळांची ओळख करून द्यावी लागत नाही. कबड्डीचं पटांगण इथल्या मुलांच्या अंगात आहे. पळत्याला हात लावणं आणि लागणारा हात चुकवणं हे त्यांना नव्याने शिकवायचं नाही. पण पाडापाडीची रग्बी इथल्या जमिनीवर नको. काळी माती पावसात पायाला गोळ्यांनी चिकटते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि ज्या मैदानावर मुरूम टाकलाय तिथे पडलं की कोपर सोलून निघतं. टचमध्ये कुणी कुणाला पाडत नाही. शिवाय मुलं-मुली एका संघात खेळू शकतात; मिश्र संघ हा या खेळातला अधिकृत गट आहे. सातवीच्या वर्गात हा फार मोठा फायदा आहे, कारण याच वयात मुली मैदानाच्या कडेला जाऊन उभ्या राहायला लागतात.

आपल्याकडे रग्बी नवीन नाही. कलकत्ता फुटबॉल क्लब १८७८च्या सुमारास बंद झाला तेव्हा क्लबचे बँकेतले चांदीचे रुपये वितळवून त्यांचा करंडक केला गेला, आणि आजही इंग्लंड-स्कॉटलंडचा सामना त्या कलकत्ता करंडकासाठी होतो. मुंबईत बॉम्बे जिमखान्याच्या हिरवळीवर हा खेळ पिढ्यान्‌पिढ्या रुजला. राहुल बोस अभिनेता म्हणून ठाऊक असतो, पण १९९८मध्ये भारताच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय रग्बी संघातही तो होता. पुण्याच्या वाहबिझ भरुचाच्या नेतृत्वाखाली भारतीय महिलांनी २०१९ साली मनिला इथे सिंगापूरला २१-१९ असं हरवलं. पंधरा-पंधरा खेळाडूंच्या रग्बीतला तो त्यांचा पहिला आंतरराष्ट्रीय विजय. ही सगळी नावं मोठ्या शहरांतली आहेत, आणि मला खटकतं ते हेच. टच रग्बीला हिरवळ लागत नाही, महागडं सामान लागत नाही. मग ती तालुक्याच्या गावात का नको?

आता मुद्द्याकडे येतो. पास शिकवताना जवळपास सगळे पास देणाऱ्याकडे बघतात. त्याचे हात असे हवेत, खांदा तसा हवा, मनगट असं वळव. हे सगळं लागतंच. पण पास बिघडतो तो बहुतेक वेळा घेणाऱ्यामुळे. तो चुकीच्या जागी असतो, आणि मग देणाऱ्याने कितीही सुरेख हात फिरवला तरी चेंडू पुढे जातो, नाहीतर जमिनीवर पडतो.

हे आकड्यांत मांडून बघू. घेणारी मुलगी सेकंदाला चार मीटर वेगाने पळतेय आणि चेंडू अर्धा सेकंद हवेत आहे असं धरा. तेवढ्या वेळात ती दोन मीटर पुढे येते. म्हणजे चेंडू सुटला तेव्हा ती देणाऱ्याच्या बरोबरीने पळत असेल, तर तिच्या पुढच्या मोकळ्या जागेत दिलेला पास दोन मीटर पुढे गेला. चुकलाच. ती एक मीटर मागे असली तरी तो एक मीटर पुढेच जातो. तीच मुलगी तीन मीटर मागे असेल, तर दोन मीटर पळून ती चेंडू घेते तेव्हाही चेंडू सुटल्या जागेच्या एक मीटर मागे असते. पास नियमात बसला, आणि ती पूर्ण वेगात आहे. सातवीच्या मुलांना हे गणित फळ्यावर सोडवता येतं. पीटीच्या तासाला एकदा खडू घेऊन वर्गात जाण्यात काही कमीपणा नाही.

मैदानावर त्यासाठी फक्की घ्या आणि एकमेकींपासून तीन-तीन मीटरवर चार समांतर रेषा आखा. चार मुलं, एकेका रेषेवर एकेक, पण एकामागे एक नाहीत. प्रत्येक जण शेजाऱ्याच्या तिरक्या मागे. वरून पाहिलं तर जिन्याच्या पायऱ्या दिसतील. सगळ्यांनी एकदमच चालायचं, चेंडू पहिल्याकडून चौथ्याकडे जाऊ द्यायचा. चालताना जमलं की हळू पळत, मग जोरात. नव्वद टक्के ओरडा इथे एकच असतो: "मागे राहा!" मुलांचा ओढा पुढे धावण्याकडेच असतो, त्यांना मागे थांबायला शिकवणं हाच इथला खरा धडा. मागे राहणारा भित्रा नाही, त्याला वेग घेऊन यायला जागा हवी आहे, हे मात्र पुन्हा पुन्हा सांगा, नाहीतर मुलं ती शिक्षा समजतात.

घेणाऱ्याची दुसरी जबाबदारी हातांची. आपल्याकडची मुलं क्रिकेटवर वाढलेली, चेंडू आला की हात छातीशी नेतात. इथे हात आधीच चेंडूच्या दिशेने पुढे हवेत, बोटं पसरलेली, अंगठे जवळ. पास येण्याआधी दाखवलेले हे हात देणाऱ्याचं लक्ष्य असतात. आणि तोंड: "दे!" किंवा "इकडे!" असा आवाज हवा. गप्प राहणाऱ्याला पास मिळत नाही, असा नियमच त्या तासापुरता करून टाका. लाजरी मुलं दोन दिवसांत मोकळी होतात.

देणाऱ्यासाठी मोजक्याच गोष्टी. चेंडू दोन्ही हातांत, बोटं शिवणीवर आडवी, तळहात चेंडूला पूर्ण चिकटवायचा नाही. नजर घेणाऱ्याच्या हातांवर. हात एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला पोटासमोरून फिरतात आणि चेंडू सुटल्यावर बोटं लक्ष्याकडे रोखलेली राहतात. चेंडू कुठे गेला हे बघण्याआधी बोटं कुठे थांबली ते बघा. चूक तिथेच सापडते. बोटं आकाशाकडे असतील तर चेंडू उंच उडाला, पुढे असतील तर पास पुढे गेला. टीव्हीवर दिसणारा फिरकी पास मुलं आपणहून करून पाहतात. करू द्या, पण शिकवू नका. जवळच्या अंतरावर तो घ्यायला अवघड, आणि लहान हातांना साधा सरळ पासच बरा.

या वयाला चार नंबरचा रग्बी चेंडू बसतो. वर्गात पन्नास मुलं आणि चेंडू एकच असेल तर वाट पाहू नका. शाळेतले फुटबॉल, हँडबॉल सुरुवातीला चालतात. लांबट चेंडूची वेडीवाकडी उसळी नंतर शिकता येईल. चौघांत एक चेंडू हे प्रमाण मात्र सोडू नका, रांगेत उभं राहून कुणी पास शिकत नाही.

आठवडाभर हे झालं की दोघांविरुद्ध एक. फक्कीने आठ मीटर रुंदीची पट्टी आखा. मध्ये एक बचाव करणारा, समोरून दोघे. चेंडू असलेला मुलगा पहिल्यांदा हमखास घाई करतो, बचाव करणारा अजून लांब असतानाच पास देऊन टाकतो. मग बचाव करणारा आरामात दुसऱ्याकडे वळतो. पुढच्या वेळी उलट होतं: हात लागल्यावर पास सुटतो. त्यांना सांगायचं, सरळ त्याच्या अंगावर जा, त्याची पावलं तुझ्याकडे वळू दे, आणि तो हात उचलतोय असं दिसलं की दे. हे जमायला वेळ लागतो. ज्या दिवशी एखादी मुलगी समोरच्याला आपल्याकडे ओढून घेते, शेवटच्या क्षणी चेंडू सोडते आणि तिची मैत्रीण मोकळ्या पट्टीतून पळत सुटते, त्या दिवशी कायले फेकाचं हा प्रश्न वर्गात कुणी विचारत नाही.

सराव सकाळच्या शाळेला लावलेला बरा. मार्चनंतर दहाच्या पुढे नांदुऱ्याच्या उन्हात मुलांना पळवू नये, आणि मैदानावर पाणी जवळ असावं. सुरू करण्याआधी खडे आणि भेगा बघून घ्या. पास घेणाऱ्याची नजर चेंडूवर असते, पायाखाली नसते.

पुढच्या लेखांकात रोलबॉल, म्हणजे स्पर्श झाल्यावर चेंडू ठेवण्याची रीत, आणि तो उचलणाऱ्या खेळाडूला लागू होणारे वेगळे नियम.